छपाईला पाच तारे, मजकुराला दोन

रामबागेजवळच्या या छापखान्यात सोसायटीच्या निवडणुकीसाठी अध्यक्षांचं कार्यपत्रक छापून घेतलं. कागद जाड, रंग झकास, दोन दिवसांत हातात. पण मजकूर लिहिणारा पोरगा भलताच बिलंदर! नर्मदेचं पाणी 70 किलोमीटरवरच्या जलूदहून इंदूरला येतं, आमच्या नळाला मात्र दिवसाआड. याने लिहिलं, ‘महिन्यातले 15 दिवस नर्मदामैया घरी’. बंद पडलेली लिफ्ट? ‘रहिवाशांच्या आरोग्यासाठी जिन्याला प्रोत्साहन’.

म्हटलं, “भिया, 2004 मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या एवढ्या जाहिराती झाल्या, तरी वाजपेयींचं सरकार गेलंच ना?”

“काकू, तेव्हा मजकूर माझा नव्हता!”

लिफ्टची ओळ मी खोडायला लावली. तर बिलात ‘मजकूर-समृद्धी’चे शंभर रुपये जास्त.