फुटलेल्या ताऱ्याचं पोट आतून बघायचंय? आल्माचं खुलं आर्काइव्ह वापरून बघा

सुपरनोव्हा 1987ए, म्हणजे 1987 मध्ये फुटताना दिसलेला तारा, त्याच्याभोवतीचं ते मण्यांच्या माळेसारखं कडं मी कितीतरी वेळा पाहिलंय, पण माझी नजर अडायची ती कड्याच्या आतल्या काळपट डागावर. तारा जिथे फुटला तिथेच एवढा अंधार का? तर धूळ. उडालेला माल थंड होताना त्यातच ती तयार झाली आणि मागचा उजेड अडवून बसली. पहिल्या दोन वर्षांत मोजलेली धूळ सूर्याच्या वस्तुमानाच्या हजाराव्या भागाच्याही आतली होती. 2011 मध्ये हर्शेल दुर्बिणीला तिथे जवळजवळ अर्ध्या सूर्याएवढी थंड धूळ सापडली, तेव्हापासून मला तिथे आत डोकवायचंच होतं.

चिलीतल्या 66 अँटेनांच्या आल्मा दुर्बिणीचा डेटा साधारण वर्षभर निरीक्षकांसाठी राखीव असतो, मग सगळ्यांना मोफत मिळतो. शोधचौकटीत ताऱ्याचं नाव टाकलं की निरीक्षणांची यादी समोर येते. कच्चा डेटा अवाढव्य असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. तयार फिट्स फाइल (खगोलशास्त्रातल्या डेटाचा नेहमीचा फॉरमॅट) उतरवा आणि कार्टा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

मी आधी कार्बन मोनॉक्साइडची रेषा घेतली, म्हणजे तो वायू ज्या ठरावीक वारंवारितेला चमकतो ती. प्रयोगशाळेत ती 230.538 गिगाहर्ट्झला असते, पण हा अवशेष सेकंदाला सुमारे 287 किलोमीटर वेगाने आपल्यापासून लांब जातोय, म्हणून मध्य 230.32 च्या आसपास धरायचा. एवढं केलं की खरी मजा. स्फोटातला माल सुटल्यापासून जवळपास त्याच वेगाने धावतोय, म्हणजे जो जास्त वेगवान तो जास्त लांब. आणि आपल्याकडे येणाऱ्या वायूची वारंवारिता वर सरकते, लांब जाणाऱ्याची खाली. त्यामुळे फाइलमधला वारंवारितेचा एकेक थर म्हणजे ढगाचा खोलीतला एकेक काप! सेकंदाला 2,000 किलोमीटरने निघालेला वायू 27 वर्षांत 0.18 प्रकाशवर्ष पुढे जातो, हे मी कागदावर मांडून पाहिलं आणि मग पडद्यावरचा ठिपका मला ठिपका वाटेना. 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षांवरच्या ढगाची आपल्याकडची बाजू आधी, मग मधला भाग, मग पाठ, असं सरकपट्टीवर बोट ठेवून मी संध्याकाळभर बघत बसले.

हे नवशिक्याला जमेल का? फिट्स म्हणजे काय ते ठाऊक असेल तर जमेल; नसेल तर आधी दोन-तीन दिवस कार्टाचं मॅन्युअल वाचावं, ते वाया जात नाहीत. सुंदर रंगीत फोटोची अपेक्षा मात्र ठेवू नका, चित्रं भरड दिसतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.

आणि कार्बन मोनॉक्साइडवर थांबू नका. सिलिकॉन मोनॉक्साइडची 217.105 ची रेषाही तशीच सरकवून घ्या आणि दोन्ही शेजारी लावा. पहिल्याचा आकार मधे पोकळ, कड्यासारखा. दुसऱ्याचा तुटक, दोन बाजूंना फाकलेला. एकाच ताऱ्यातले कार्बन, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, पण स्फोटाने त्यांची सरमिसळ एकजीव केलेली नाही. कुठला थर कुठे भिरकावला गेला ते अजून तसंच दिसतं.