सीडीएलच्या प्रशिक्षणाचा खर्च: स्वतःचे पैसे, कंपनीचा करार की सरकारी मदत?

अमेरिकेत मोठा ट्रेलर ओढणारा ट्रक चालवण्यासाठी ‘क्लास ए’ सीडीएल (कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन्स, म्हणजे व्यावसायिक वाहनचालकाचा) परवाना लागतो, आणि तो काढायचा तर शाळा निवडण्याआधी तिचे पैसे कोण भरणार हे ठरवावे लागते. ७ फेब्रुवारी २०२२ पासून हा परवाना पहिल्यांदा काढणाऱ्याला संघीय नोंदणीपटावर नाव असलेल्या संस्थेकडून प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ड्रायव्हिंगची परीक्षा देता येत नाही. ओळखीच्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून शिकायचे आणि थेट परीक्षेला उभे राहायचे, हा जुना स्वस्त मार्ग त्यामुळे बंद झाला. संघीय नियमात प्रशिक्षणाच्या किमान तासांची अट नाही, तरी बऱ्याच शाळा तीन-चार आठवड्यांचा, सुमारे १६० तासांचा अभ्यासक्रम ठेवतात आणि त्याची फी साधारण तीन हजारांपासून दहा हजार डॉलरपर्यंत असते. पुढच्या हिशेबासाठी ती ६,००० डॉलर धरली आहे.

स्वतःच्या बचतीतून फी भरणे हा सर्वांत सरळ पर्याय आहे. पैसे आधी जातात, पण परवाना हातात आल्यावर कोणत्याही कंपनीत अर्ज करता येतो आणि पहिली नोकरी मानवली नाही तर दुसऱ्या महिन्यात ती सोडताही येते. या पर्यायात खासगी शाळेच्या बरोबरीने कम्युनिटी कॉलेजही (स्थानिक सार्वजनिक महाविद्यालय) पाहावे. तेथील अभ्यासक्रम बहुधा अधिक लांब असतो आणि कॉलेज संघीय विद्यार्थी-साहाय्यासाठी पात्र असेल, तर आयकरात ‘लाइफटाइम लर्निंग क्रेडिट’ मिळू शकते. ही सवलत पात्र शैक्षणिक खर्चाच्या वीस टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २,००० डॉलर असते. खासगी ट्रक-शाळांपैकी बऱ्याच या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून फी भरण्यापूर्वी हे विचारून घ्यावे.

ज्याच्याकडे इतकी रोख नाही, त्याच्यासमोर कंपनीच्या प्रशिक्षणाची जाहिरात येते. मोठ्या मालवाहतूक कंपन्या स्वतःच्या शाळेत किंवा करारबद्ध शाळेत शिकवतात, सुरुवातीला फी घेत नाहीत किंवा नाममात्र घेतात, आणि त्या बदल्यात ठरावीक काळ, बहुधा एक वर्षाच्या आसपास, त्यांच्याकडेच काम करण्याचा करार करून घेतात. जाहिरातीत याला ‘मोफत’ म्हटले जाते. माझ्या मते ‘उधारीवर’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता. या करारातील एक कलम इतर सर्व कलमांपेक्षा महत्त्वाचे आहे: मुदतीपूर्वी नोकरी सुटली तर किती रक्कम परत करावी लागेल? समजा, करार बारा महिन्यांचा आहे आणि सात महिन्यांनी ड्रायव्हर बाहेर पडला. परतफेड महिन्यांच्या प्रमाणात असेल, तर त्याच्यावर २,५०० डॉलर निघतात. तशी तरतूद नसेल, तर पूर्ण ६,००० निघतात. कंपनीनेच कामावरून काढले तर काय, वैद्यकीय कारणाने थांबावे लागले तर काय, आणि उरलेली रक्कम शेवटच्या पगारातून कापली जाईल का, याची उत्तरे तोंडी घेऊ नयेत, करारात शोधावीत.

या कराराचा दुसरा भाग दरमैल पगाराचा आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला बहुधा मैलाप्रमाणे सेंटमध्ये पैसे मिळतात. करारात बांधलेल्या नवशिक्याचा दर बाहेरच्या नवशिक्यापेक्षा पाच सेंटने कमी असेल आणि तो आठवड्याला २,००० मैल याप्रमाणे पन्नास आठवडे गाडी चालवत असेल, तर एक लाख मैलांवर ५,००० डॉलरचा फरक पडतो. म्हणजे ‘मोफत’ शिक्षणाची जवळजवळ संपूर्ण फी त्याने पगारातूनच चुकवलेली असते. अर्थात प्रत्येक कंपनी कमी दर देते असे नाही; म्हणूनच दोन्ही दर लेखी घेऊन हा गुणाकार स्वतः करून पाहावा. परीक्षा कोणत्या ट्रकवर घेतली जाईल, हेही विचारावे. ऑटोमॅटिक गिअरच्या ट्रकवर परीक्षा दिल्यास परवान्यावर ‘ई’ निर्बंध लागतो आणि मॅन्युअल गिअरचा व्यावसायिक ट्रक चालवता येत नाही. अनेक ताफे आता ऑटोमॅटिक झाले असल्याने काहींना याची अडचण जाणवणार नाही, पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्या छोट्या मालकांकडे काम करायचे असेल, तर ती जाणवेल.

या दोन्हींच्या मधला मार्ग फी-परतीचा आहे. शाळेची फी आपण भरायची आणि नोकरी देणाऱ्या कंपनीने ती मासिक हप्त्यांनी आपल्याला परत करायची. महिना २०० डॉलर मिळत असतील, तर ६,००० डॉलर वसूल व्हायला तीस महिने लागतात. नोकरी आधी सोडली तर पुढचे हप्ते थांबतात, पण सहसा उलट देणे काही राहत नाही, आणि माझ्या दृष्टीने कंपनीच्या करारापेक्षा हे कितीतरी बरे. शाळेच्या फीसाठी खासगी कर्ज काढण्याचा पर्याय मात्र मी शेवटी ठेवेन. काढावेच लागले, तर मासिक हप्त्याऐवजी वार्षिक व्याजदर आणि एकूण परतफेड यांची तुलना करावी. हे आकडे कायद्यानुसार सही करण्यापूर्वी दाखवावे लागतात.

सरकारी मदतीकडे बरेच जण वळतच नाहीत, कारण ती मिळायला वेळ लागतो. २०१४ च्या ‘वायोआ’ या रोजगार-प्रशिक्षणाच्या संघीय कायद्याखाली नोकरी गेलेल्या किंवा कमी उत्पन्नाच्या प्रौढांना ‘अमेरिकन जॉब सेंटर’ या सरकारी रोजगार केंद्रामार्फत प्रशिक्षणाची फी मिळू शकते. ती परत करायची नसते आणि कोणत्याही कंपनीशी बांधत नाही. पात्रता आणि रकमेची मर्यादा स्थानिक कार्यालयावर अवलंबून असते, निधी संपू शकतो, आणि शाळा राज्याच्या मान्यताप्राप्त यादीत असावी लागते. मुख्य म्हणजे मंजुरीपूर्वी प्रवेश घेऊन नंतर पैसे मागितल्यास ते सहसा मिळत नाहीत. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठीचे संघीय पेल अनुदान इतक्या लहान अभ्यासक्रमांना पूर्वी लागू नव्हते. जुलै २०२६ पासूनच्या नव्या तरतुदीतही अभ्यासक्रम किमान आठ आठवड्यांचा असावा लागतो, त्यामुळे चार आठवड्यांची शाळा तिच्यात बसत नाही. माजी सैनिकांनी मात्र मान्यताप्राप्त शाळांसाठी ‘जीआय बिल’ची, म्हणजे माजी सैनिकांसाठीच्या सरकारी शिक्षण-मदतीची, सोय आधी तपासावी.

निवड परिस्थितीवर ठरेल. नोकरी नुकतीच गेली असेल आणि दोन महिने थांबणे शक्य असेल, तर जॉब सेंटर पहिले. बचत असेल आणि घराजवळचे, रोज रात्री घरी परतण्याचे काम हवे असेल, तर कम्युनिटी कॉलेज. हातात काहीच नसेल आणि वर्षभर लांबच्या फेऱ्या करण्याची तयारी असेल, तर प्रमाणात परतफेड असलेला कंपनीचा करार चालेल. तसे कलम नसेल, तर मी दुसरी कंपनी शोधेन.

मार्ग कोणताही असो, पैसे भरण्यापूर्वी किंवा सही करण्यापूर्वी तीन गोष्टी उरकाव्यात. एक, वैद्यकीय तपासणी, कारण ती पार पडली नाही तर भरलेली फी अडकते. दोन, वय: २१ वर्षांखालील ड्रायव्हरला सर्वसाधारणपणे राज्याबाहेर माल नेता येत नाही, त्यामुळे त्याला फारच थोड्या कंपन्या घेतात. तीन, वास्तव्याचा दर्जा: नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांना सीडीएल देण्याबाबतचे नियम संघीय वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२५ पासून कडक करायला घेतले आहेत, तेव्हा अशा वाचकांनी आपल्या राज्याच्या परवाना कार्यालयातून आजची स्थिती लेखी मिळवल्याशिवाय शाळेला एक डॉलरही देऊ नये.