ब्लॅक गॅलेक्सी ग्रॅनाइटचा ओटा: दीड वर्ष वापरल्यानंतर

ओट्यासाठी पुन्हा दगड निवडायची वेळ आली तर डोळे मिटून हाच घेईन. बाथरूमसाठी मात्र नाही. पुण्यात आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकरचं जड पाणी येतं, त्यामुळे हे मत निम्मं दगडाबद्दल आणि निम्मं पाण्याबद्दल आहे.

आधीचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. सासूबाईंचा अजूनही त्यावरच जीव. पण कडप्पा पडला चुनखडक. लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं आणि पुसायला उशीर झाला की तिथली चकाकी गेलीच. ग्रॅनाइटवर आतापर्यंत हे सगळं सांडून झालंय, एकदा तर अख्खी सोलकढी. फडकं फिरवलं की विषय संपतो. हळद आणि फोडणीच्या तेलाचंही तेच.

सोनेरी ठिपक्यांचा हा दगड आंध्रातल्या ओंगोलजवळच्या चिमकुर्तीच्या खाणींतून येतो. ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे असतात. दगड घट्ट असल्यामुळे तेल-पाणी फारसं पीत नाही, म्हणून आम्ही सीलर (डाग आत मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचं द्रव) लावलेला नाही. फिकट रंगाचा घेणार असाल तर नमुन्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटं थांबा. खाली गडद डाग उमटला तर सीलरशिवाय तो ओट्यावर नको. साधा काळा घेताना आणखी एक गोष्ट बघा. काही लाद्या रंग चोळून काळ्या केलेल्या असतात. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन कोपरा घासायचा. गोदामात एका लादीवर माझं फडकं काळं झालं, तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, धूळ आहे ती." असेल बापडी.

पण खरा फरक दगडापेक्षा कारागिराच्या हातात आहे. लादी 18 मिलिमीटरची, चौरस फुटाला साधारण पाच किलो वजन, तेव्हा खालचे कडप्प्याचे उभे आधार एका पातळीत हवेत. पुढची कड जाड दिसावी म्हणून खालून त्याच दगडाची पट्टी चिकटवून अर्धगोल मोल्डिंग केलं. मोल्डिंगचे पैसे रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर, वेगळे लागतात, लादीच्या भावात धरलेले नसतात. हे आधीच बोलून घ्या. कडेच्या खालच्या बाजूला कटरने एक बारीक खाच मारून घेतली, हे सगळ्यांत शहाणपणाचं काम. सांडलेलं पाणी त्या खाचेपाशी थेंब होऊन खाली पडतं, आत ओघळून ट्रॉल्यांच्या प्लायवूडला भिजवत नाही. सिंक खालून बसवलेलं आहे, त्यामुळे खरकटं सरळ आत लोटता येतं. एल आकाराच्या ओट्यात सांधा येणारच, पण तो सिंक आणि हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या गॅस शेगडीच्या) कापापासून लांब घ्यायला सांगा. कापलेल्या जागेपुढे दगडाची चिंचोळी पट्टीच उरते, चीर जायची ती तिथूनच. हॉबच्या कापाचे आतले कोपरेही काटकोनात न ठेवता किंचित गोल हवेत.

रोजच्या वापरात तक्रारी किरकोळ आहेत. पोळपाट सरकतो, खाली ओलं फडकं लागतं. सुरी थेट ओट्यावर चालवली तर दगडाला काही होत नाही, सुरीची धार जाते. गरम कुकर खुशाल ठेवते; तापलेल्या जागेवर लगेच गार पाणी मात्र ओतत नाही. पीठ सांडलं की लांबून दिसतं, त्यामुळे ओटा सतत पुसला जातो. याला फायदा म्हणायचं की त्रास, ते ज्याच्या हातात फडकं आहे त्याने ठरवावं.

बाथरूममध्ये उरलेला तुकडा बेसिनखाली बसवला. तिथे कुणी येता-जाता पुसत नाही. नळाभोवती पांढरा क्षार जमतो, साबणाचे ओघळ वाळतात आणि चकचकीत काळ्यावर ते लगेच डोळ्यांत भरतात. क्षार प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडते. टॉयलेट साफ करायचं ॲसिड दगडाला लावत नाही, कामवाल्या मावशींनाही तसं सांगून ठेवलंय. दुसऱ्या बाथरूमसाठी आता राखाडी, बारीक ठिपक्यांचा स्टील ग्रे बघतेय, तोही चकचकीत नाही, लेदर फिनिशमधला, म्हणजे किंचित खरबरीत आणि मंद चकाकीचा.