दहावी-बारावीनंतर आयटीआय, अप्रेंटिस की युवा कार्य प्रशिक्षण?

कॉलेजात मन नाही किंवा घरचं परवडत नाही अशा पोरांचे आईवडील पहिलं विचारतात, पैसे कुठे मिळतील. साहजिक आहे. पण माझं म्हणणं, आधी बघा शेवटी हातात कागद कुठला पडतोय.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, म्हणजे ऑफिसात किंवा कंपनीत काम करत अनुभव घ्यायचा, २०२४ ला आली, वय १८ ते ३५, बारावीवाल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ आणि पदवीधराला १०, पैसे थेट खात्यात. सुरुवातीला ६ महिन्यांचीच होती, नंतर मुदत वाढवून ११ केली. नुसती दहावी असेल तर यात बसतच नाही. आणि शिकायला काय मिळेल ते कुठे लागता त्यावर, फायली लावण्यात दिवस गेले तर वर्षभराने परत तिथेच, कायम करतील याची काही गॅरंटी नाही. आधीच काहीतरी शिकलेलं असेल आणि अनुभव हवा असेल तरच जा.

आयटीआयला उलटं आहे. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन २ वर्षं, वेल्डर १ वर्ष, सरकारी संस्थेत फी खाजगीच्या मानाने खूपच कमी. फिटरला सुरुवातीला व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा धरून नुसती कानस मारायला लावतात, मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की परत घासा. पोरं कंटाळतात, सोडूनही देतात, पण हात बसतो तो इथेच. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीला इलेक्ट्रिशियन-वायरमनचंच सर्टिफिकेट लागतं, आणि दहावी + २ वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळू शकतं, हे बऱ्याच घरात माहीतच नसतं.

अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत प्रत्यक्ष काम करत शिकणं, दहावीनंतर डायरेक्ट पण करता येते, १९६१ चा कायदाच आहे, स्टायपेंड द्यावाच लागतो. तरी मी म्हणेन आयटीआय करून मगच जा, ट्रेड हातात असला की मशीनवर लवकर उभं करतात. रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या पदांच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात, फक्त शेवटची परीक्षा देऊन एनएसी (अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय सर्टिफिकेट) घ्यायला विसरू नका.

कौशल्य विकास योजनेचे छोटे कोर्स काही महिन्यांत उरकतात, २ वर्षं थांबणं शक्यच नसेल तर ठीक. पण त्यापेक्षा आठवी पासवर वेल्डर मिळतोय का ते आधी जवळच्या आयटीआयत जाऊन विचारा, आणि तो ट्रेड एनसीव्हीटीचा (म्हणजे केंद्राची मान्यता असलेला) आहे ना हे फॉर्म भरायच्या आधी बघा.