ग्रीसला कधी जावं: मेमध्ये की दिवाळीत?

मुलांच्या शाळा सांभाळायच्या म्हटल्या की मे आणि दिवाळी एवढेच पर्याय उरतात. आपलं पावसाचं गणित इथे उलटं करायचं: ग्रीसमध्ये पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा जवळपास कोरडा. मेमध्ये पाऊस संपत आलेला असतो, दिवाळीत सुरू होत असतो.

मेमध्ये अथेन्सला दुपारी 25-26 अंश, आणि सूर्य मावळायला साधारण साडेआठ. भटकायला याहून चांगले दिवस नाहीत. बेटांवर संध्याकाळी वारा बोचतो, जाकीट हवंच. खोट आहे ती समुद्राची. मेच्या मध्यावर एजियन समुद्राचं पाणी 19-20 अंश; मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. शिवाय 1 मेला बहुतेक वर्षी संपामुळे बोटी बंद असतात, त्या दिवशी बेट बदलायचा बेत नको.

ऑक्टोबरअखेर मात्र पाणी 21-22 अंश, कारण उन्हाळाभर तापलेला समुद्र सावकाश निवतो. पण हाच कोमट समुद्र ढगांना वाफ पुरवतो. वरून थंड हवा आली की तासाभरात रस्ते वाहू लागतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख ऊन. वारा 8 बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) आसपास गेला की मोठ्या बोटीही धक्क्यावरच थांबतात, वेगवान कॅटामरान (जोड-सांगाड्याच्या हलक्या बोटी) त्याआधीच. म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा. बेटावरून थेट विमानतळ गाठायचा हट्ट महागात पडतो.

पिंडस पर्वत म्हणजे तिथला सह्याद्री. पश्चिमेच्या कॉर्फू बेटावर वर्षाला सुमारे 1100 मिलिमीटर पाऊस, पर्वतापलीकडच्या अथेन्समध्ये जेमतेम 400, म्हणजे पुण्याहूनही कमी. दिवाळीत कॉर्फू नकोच.

आणि दिवाळी येते कधी, हेही बघा. 2028 मध्ये लक्ष्मीपूजन 17 ऑक्टोबरला आहे. तेव्हा क्रीट किंवा सँटोरिनी बेट बिनधास्त ठरवा. 2026 मध्ये ते 8 नोव्हेंबरला. तोवर सँटोरिनीतली बरीच हॉटेलं बंद झालेली असतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात, क्रीटची समारिया घळ बंद असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे साडेपाचच्या आतच अंधारू लागतं. अशा वर्षी बेटं वगळून अथेन्स, डेल्फी, मेटेओरा करा. ॲक्रोपोलिस (अथेन्सची प्राचीन मंदिरांची टेकडी) नोव्हेंबरपासून संध्याकाळी पाचला बंद होतं, तेव्हा सकाळी आठलाच दारात हजर राहा.