ओर्विएतो की चिविता? अर्धाच दिवस असेल तर
रोमहून फ्लॉरेन्सला गाडीने जाताना ही दोन डोंगरावरची गावं येतात, एकमेकांपासून जेमतेम 20 किलोमीटरवर, त्यामुळे कुठलं करायचं हा घोळ सगळ्यांचाच होतो. आम्ही दोन्ही केली, सोबत आई होती आणि तिचा कुरकुरणारा गुडघा, तर माझं मत थोडं त्या गुडघ्याकडे झुकलेलं आहे.

ओर्विएतो हायवेच्या एक्झिटला लागूनच. गाडी खाली स्टेशनपाशी लावायची आणि फ्युनिक्युलरमध्ये, म्हणजे दोराने डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेत, बसून वर. गाडी वर न्यायच्या भानगडीत पडू नका, जुन्या गावात झेडटीएल आहे, म्हणजे फक्त परवान्याच्या गाड्यांसाठीचा भाग, परवाना नसताना शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र तुम्ही ट्रिप विसरल्यावर येतं.

फ्युनिक्युलरमधून उतरलं की जवळच सेंट पॅट्रिकची विहीर. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं, पोप सातवा क्लेमेंट इथे येऊन राहिला आणि उद्या वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं म्हणून त्याने ही खोदायला लावली. खोली सुमारे 53 मीटर, आणि आत एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने, एकाने रिकामं खेचर उतरणार, दुसऱ्याने पाणी घेऊन चढणार, वाटेत आमनेसामने यायचा प्रश्नच नाही. पायऱ्या 248, रुंद आणि बुटक्या, खेचराच्या पायाला सोयीच्या. आई वरच थांबली, मी उतरले. मधल्या खिडक्यांतून समोरच्या जिन्यावरचे लोक दिसत राहतात पण भेटत कुणीच नाही! बारवांची आवड असेल तर ही सोडूच नका. पुढे कॅथेड्रल, 1290 मध्ये काम सुरू झालेलं, भिंतींना काळेपांढरे पट्टे आणि दर्शनी बाजूला सोनेरी मोझॅइक, दुपार कलली की त्यावर ऊन येतं. आई तिथून हलायला तयार नव्हती.

चिविता दि बान्योरेज्जो फोटोत दिसतं तसंच आहे, त्यात फसवणूक नाही. गाड्या पलीकडच्या बान्योरेज्जो गावात ठेवायच्या, 5 युरोचं तिकीट, मग साधारण 300 मीटरचा पायी पूल, सावली शून्य आणि शेवटचा चढ चांगलाच दम काढतो. वर टफचा दगड, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा, आणि खाली चिकणमाती, पाणी ती माती खात जातं आणि वरच्या कडा ढासळतात, 1695 च्या भूकंपानंतर तर बरेच लोक सोडूनच गेले. आता कायम राहणारे बोटांवर मोजण्याइतके, बाकी मांजरं आणि आपण. तासाभरात गाव संपतं.

आणि खरी गोम अशी की आत शिरल्यावर ते गाव दिसतच नाही, दिसतात नुसत्या गल्ल्या. आई पलीकडच्या व्ह्यूपॉइंटवर फुकटात बसली होती, अख्खं गाव तिलाच दिसलं.

म्हणून अर्ध्या दिवसात ओर्विएतोच करा. वेळ उरलाच तर संध्याकाळी चिवितासमोर जाऊन बसा, तिकीट काढायचं की नाही ते तिथे गुडघ्यालाच विचारा.