वैमानिकाचा थकवा: तासांची मर्यादा की झोपेचा हिशोब?

22 मे 2010. दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडे दरीत कोसळलं, 158 जण गेले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज सापडला. थकव्यावर नियम कशाला, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

पहिला मार्ग आकड्यांचा. डीजीसीएच्या (भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या) 2024 च्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेली, 'रात्र' पहाटे 5 ऐवजी 6 पर्यंत धरली आणि रात्रीची लँडिंग्ज 6 वरून 2 वर आणली. याचं बळ साधेपणात आहे: रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बनवणाऱ्याला घासाघीस करता येत नाही. पण घड्याळाला माणूस झोपला की नुसता कूस बदलत राहिला, हे कळत नाही.

दुसरा मार्ग थकव्याची जोखीम मोजत राहण्याचा. आयसीएओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेनं, 2011 मध्ये त्याला मान्यता दिली. झोपेच्या नोंदी, वैमानिकांचे अहवाल पाहून कंपनीनं रोस्टर बदलायचं. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या लांब उड्डाणांना, जिथे शरीराचं घड्याळच उलटं होतं, हेच जास्त शहाणपणाचं. मात्र 'मी थकलोय' म्हणणाऱ्याला त्रास होणार असेल, तर ती व्यवस्था कागदावरच राहते.

आपल्याकडे मी आधी आकडेच निवडेन. डिसेंबर 2025 मध्ये पुरेसे वैमानिक नसल्यानं हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा रात्रीचे नियमही तात्पुरते शिथिल झाले. लेखी मर्यादाही इतकी वाकते, तर कंपनीच्या विवेकावर सोडलेली किती वाकेल?